सीझनच्या आधीचा महिना

प्रश्न कुडाळच्या एका मुलाचा आहे, थोडक्यात असा: "ताई, विशारद झालो. यंदा पहिल्यांदाच पूर्ण सीझन अंगावर घेतलाय. कोजागरीला तासाभराचं सोलो, दिवाळीत तीन पहाटा, मग दोन संगीत नाटकांची साथ. गणपती गेल्यावर व्हायोलिन काढून नीट बसलो तर आवाज बसलेला, खुंट्या हलत नाहीत. नवीन व्हायोलिन घेऊ का? आणि कोजागरीला तीन आठवडे आहेत, तेवढ्यात किती राग बसवू?"

नवीन व्हायोलिन घेऊ नकोस. आणि राग एकच बसव.

आता कारणं. ती लांबतील, कारण बत्तीस वर्षं रत्नागिरीत बसून वाजवल्यावर माणसाकडे सांगण्यासारख्या चुका भरपूर साठतात.

जूनमध्ये तू वाद्याची केस बंद केलीस तेव्हाचं व्हायोलिन आणि आता हातात आहे ते, ही दोन वेगळी वाद्यं आहेत हे आधी मान्य कर. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझ्या खोलीत हवेतली ओल मोजायचं छोटं मीटर आहे. व्हायोलिनला चाळीस ते साठ टक्के मानवतं, आणि ते मीटर जुलैत नव्वदच्या आसपास मुक्काम ठोकून असतं. वाद्याची वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि बरगड्या मेपलच्या, दोन्ही थंड देशांतली झाडं. आतून त्यांना व्हार्निश नसतं, म्हणजे पोटाच्या बाजूने लाकूड उघडंच. ते पाणी पितं आणि फुगतं. वरची फळी जरा वर उठते, तिच्याबरोबर तारा पेलणारी घोडी उठते, तारा बोटांना उंच लागतात. ओलं लाकूड जड होतं, आवाज घशातल्या घशात राहतो. तुझ्या वाद्याला हेच झालंय. सप्टेंबरात व्हायोलिनची परीक्षा करून जे लोक नवीन वाद्य आणतात, त्यांची जुनी व्हायोलिनं डिसेंबरात दुसऱ्याच्या हातात गोड वाजताना मी ऐकली आहेत.

म्हणून थांब. पण थांबायचं म्हणजे केस बंद ठेवायची असं नाही, आणि वाळवायची घाईही करायची नाही. माझ्या आजीने एका ऑक्टोबरात मी शाळेत गेल्यावर माझं व्हायोलिन खळ्यात नेऊन गोधड्यांच्या शेजारी उन्हात ठेवलं. प्रेमाने. "वास मारत होता गो," म्हणाली. एका बाजूला झोडलेलं भात, दुसऱ्या बाजूला गोधड्या, मध्ये चटईवर व्हायोलिन. मी आले तेव्हा पाठीला चटईची नक्षी उठली होती, व्हार्निश मऊ होऊन तिला चिकटलं होतं, आणि खालच्या बाजूचा जोड बोटभर उघडला होता. व्हायोलिन चिकटवतात ते सरसाने, जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या. ऊब आणि ओल दोन्ही एकदम मिळाली की सरस सोडतो. ऑक्टोबरचं ऊन गोधड्यांनाच चांगलं. व्हायोलिनला हेअर ड्रायर नको, एसीची थेट हवा नको, चुलीजवळची भिंतही नको. ज्या खोलीत तू झोपतोस तिथे, आतल्या भिंतीशी, दिवसातून दोन-तीन तास केस उघडी ठेव. बाकी वेळ आत सिलिका जेलची पिशवी. नारिंगी गोळ्यांची घे, ओल प्यायल्या की हिरव्या पडतात. मंद आचेवर गरम केल्या की परत नारिंगी होतात. त्यासाठी एखादी जुनी कढई वेगळी काढ. आईची घेतलीस तर पुढचं मी ऐकणार नाही.

डांबरगोळ्या मात्र केसमध्ये टाकू नकोस. बंद पेटीत त्यांची वाफ व्हार्निशशी काय करेल याचा प्रयोग आपल्या वाद्यावर कशाला?

आता जोड तपास. शहाळं घ्यायचं की नारळ, हे तू वाजवून ओळखतोस ना, तसंच. व्हायोलिन मानेला धरून कडेकडेने बोटाच्या पेराने हलकं टकटक करत फिर. जोड पक्का असेल तिथे आवाज भरीव येतो. सुटला असेल तिथे फटकन पोकळ, किंचित खरखरीत येतो. कमरेच्या आत वळलेल्या भागात आणि खाली हनुवटीच्या पट्टीजवळ जास्त लक्ष दे, घाम तिथेच मुरतो. आपण मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर आणि बूड छातीशी टेकवून वाजवतो, त्यामुळे छातीचा घाम आणि सदऱ्याची ओल दोन्ही तिथेच. फट सापडली तर घाबरू नकोस. सरस वापरतात तोच यासाठी की लाकूड फुगलं-आकसलं की चीर पडण्याऐवजी जोड सुटावा. सुटलेला जोड कारागीर अर्ध्या तासात बसवतो, चीर पडली तर महिना जातो. फक्त घरी फेव्हिकॉल लावू नकोस. तो पुढच्या वेळी सुटत नाही, आणि मग जोडाऐवजी फळी फाटते.

खुंट्या हलत नाहीत म्हणतोस. त्याही फुगल्यात. जोर लावून फिरवलीस तर खुंटीचं डोकं हातात येईल. एकेक तार सैल करून खुंटी बाहेर काढायची, जिथे ती घासून चकाकते त्या दोन पट्ट्यांवर कोरडा साबण अगदी बेताने फिरवायचा, वरून शाळेतला खडू. साबणाने सरकते, खडूने धरते. प्रमाण हाताला कळतं. डिसेंबरात उलटं होईल, खुंट्या आपणहून सुटायला लागतील, तेव्हा खडू जास्त. एका वेळी एकच तार काढ हे कधी विसरू नकोस. चारही काढल्यास तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसत्या दाबावर उभी असलेली ती बारीक काठी, पडते. कुडाळात ती उभी करून देणारा माणूस शोधण्यात तुझी कोजागरी जाईल.

तारा चढवताना घोडी पुढे, बोटं फिरतात त्या पट्टीकडे कलते, कारण प्रत्येक तार तिला तिकडे ओढते. दर दोन-तीन दिवसांनी बाजूने डोळा लावून बघ. शेपटीकडची तिची बाजू फळीशी काटकोनात हवी. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून हळूच सरळ कर. कललेली घोडी महिनाभर तशीच राहिली की वाकते, आणि वाकलेली परत सरळ होत नाही.

बो, म्हणजे गज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपले लोक व्हायोलिनला सोन्यासारखं जपतात आणि बोला छत्रीसारखं वागवतात.

बोला घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस असतात. ओल्या हवेत ते लांबतात, कोरड्या हवेत आकसतात. पावसाळ्यात स्क्रू कितीही पिळला तरी बो ढिला वाटतो तो त्यामुळेच. लोक मग पिळत राहतात आणि वाजवून झाल्यावर सोडायला विसरतात. मी एकदा डिसेंबरात रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला गेले होते, रात्री उशिरा पोचले, बो सोडला होता पण दोनच फेरे. पहाटे केस उघडली तर वरच्या कोरड्या थंडीत बोचे केस एवढे आकसले होते की बोची काठी एका बाजूला ताणली जाऊन तिला पीळ पडलेला. पर्नाम्बुकोची काठी होती, गुरूंनी दिलेली. ते झाड आता इतकं दुर्मीळ आहे की त्याच्या व्यापारावर २००७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. काठी नंतर ऊब देऊन सरळ करून घेतली, पण तिच्या टोकाकडचा तो जिवंतपणा परत आला नाही. तेव्हापासून घाट चढायचा असला की बो एवढा सोडते की केस लोंबतात.

दुसरी गोष्ट, कसर. जून ते सप्टेंबर केस बंद राहिली आणि उघडल्यावर बोचे पाच-दहा केस कापल्यासारखे तुटलेले दिसले, तर तो रोझिनचा, म्हणजे बोला घासतात त्या राळेचा, दोष नव्हे. गालिच्याच्या किड्यांच्या अळ्या अंधारात बसून बोचे केस खातात. उजेड त्यांना सोसत नाही. मखमल झाडून, कोपरे व्हॅक्यूमने ओढून घेऊन, केस दोन दिवस उजेडात उघडी ठेव. बोचे केस अर्ध्याहून जास्त गेले असतील तर बदलून घे, आणि ते आजच, कारण दिवाळीच्या आधी प्रत्येक कारागिराकडे रांग असते. रोझिन गेल्या वर्षीचं घामेजलेलं असेल तर नवीन वडी आण. वाद्यात यंदा पैसे घालायचेच असतील तर एवढ्यापुरते घाल: बोचे केस, रोझिन, चार तारा. समुद्राच्या खाऱ्या हवेत बारीक पोलादी तारेला गंज धरतो. बोटाला खरखर लागली की ती तार गेली. तिच्यावर मींड, म्हणजे सुरावरून सुरावर बोट घसरवत जाणं, घेऊ नकोस, बोटही जातं आणि सूरही.

एवढं झाल्यावर रियाज.

पहिला आठवडा मोकळ्या तारा, म्हणजे डावं बोट न टेकवता. हसू नकोस. तानपुरा लाव, एक बो बारा सेकंदांचा, टाचेपासून टोकापर्यंत, एकेका तारेवर पाच-पाच मिनिटं. पावसाळ्यात तुझ्या उजव्या हाताने ढिल्या बोची सवय लावून घेतली आहे, तो नकळत जास्त दाबतोय. हवा सुकत गेली की तोच दाब किंचाळायला लागेल. हात आणि हवा एका वेगाने बदलायला हवेत, म्हणून रोज. दुसरं म्हणजे बसलेल्या आवाजाच्या वाद्यावर तू मोठ्याने वाजवत सुटलास तर वाद्य मोकळं होणार नाही, तुझा कान बिघडेल. पहाटे वाजव. खारे वारे सुरू व्हायच्या आधी, मतलई वारा असतो तेव्हा. त्याने वाद्याला काही फरक पडतो असा माझा दावा नाही, पण शेजारचा मिक्सर तेव्हा बंद असतो.

मग राग. कोजागरीला तासाभराचं सोलो म्हणजे एक राग पाऊण तास आणि शेवटी एखादी धून. विशारदच्या परीक्षेने तुला पंधरा-वीस रागांची यादी दिली आहे, ती आता बाजूला ठेव. मैफलीत बसलेल्या माणसाला तुझी यादी दिसत नाही. बागेश्री घे. चांदण्याला शोभतो, लोकांच्या कानात आहे, आणि व्हायोलिनच्या स्वभावाला धार्जिणा आहे: कोमल गंधारावरची ती ओढ एका बोटाने घेता येते. आरोहात पंचम टाळायचा आणि अवरोहात नुसता हात लावून जायचं, एवढी एकच शिस्त नीट पाळायला तीन आठवडे पुरणार नाहीत. चंद्रकंस लावायचा मोह होईल, नाव चंद्राचं म्हणून. शुद्ध निषाद जरा जरी खाली राहिला तर तो कुणाचाच राहत नाही. पहिल्या वर्षी नको.

बंदिश निवडलीस की तिचे शब्द कागदावर लिही आणि बो कुठे बदलणार त्या जागी पेन्सिलने रेघ मार. हे मला गुरूंनी फार उशिरा शिकवलं. 'पिया' शब्दात 'पि' एका बोत आणि 'या' परतीच्या बोत गेला, तर गाणारा माणूस शब्दाच्या मधेच श्वास घेतोय असं वाटतं. गायकी अंग म्हणजे नुसत्या मिंडी नव्हेत, शब्दाला श्वास कुठे आहे हे बोला माहीत असणं. डॉ. एन. राजम यांनी गायक पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून ही वाट रुंद केली. त्यांचं कुठलंही ध्वनिमुद्रण लाव आणि सुरांकडे लक्ष न देता फक्त बो कुठे पालटतो ते ऐक. मग पं. गजाननबुवा जोशी ऐक. ते मुळात गवई, व्हायोलिनही वाजवायचे, आणि लयीशी भांडण कसं करावं ते त्यांच्याकडून घ्यावं. पं. व्ही. जी. जोग सनईबरोबरच्या जुगलबंदीत ऐक. आणि आपल्या शेजारचे, तेरेखोलच्या पलीकडे पेडण्यातल्या पार्से गावचे श्रीधर पार्सेकर. तुमच्याकडच्या कितीतरी वाजवणाऱ्यांना हे नाव सांगावं लागतं, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. मुद्रणं फार नाहीत, मिळतील ती ऐक. पण एका दिवशी एकच जण. सगळे एकाच संध्याकाळी ऐकलेस तर रात्री तू कुणासारखाच वाजणार नाहीस.

आता दिवाळीच्या पहाटा. इथे सोलोपेक्षा साथ जास्त, आणि साथीत खरी कसोटी जुळवण्याची आहे. एकाच मंचावर बुवा काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणार आणि त्यांच्यानंतर बाई काळी चारला. निवेदकाची चार वाक्यं संपेपर्यंत तुला पट्टी बदलायची असते. काळी एकला मी जाड तारेपासून प-सा-प-सा लावते. म्हणजे काळी चार, काळी एक, काळी चार, काळी एक. बाई आल्या की त्यांचा षड्ज हा माझ्या जाड तारेवरचा मघाचा पंचम. तिला हात लावायचा नाही, फक्त मनात तिचं नाव बदलायचं. तिसरी तारही तशीच. राहिल्या षड्जाच्या दोन तारा, त्या एकेक पूर्ण स्वर चढवून काळी दोनला नेल्या की सा-प-सा-प तयार. चार खुंट्यांऐवजी दोन. याचा घरी घड्याळ लावून सराव कर, कारण हात त्या दोन खुंट्यांवर न बघता गेला पाहिजे. बोटांची गणितं मात्र सगळी एका तारेने सरकतात, पहिल्या पदाला चुकशील, चालेल. बारीक तार मूळ पाश्चात्त्य जुळणीत पांढरी तीनला असते, आपण तिला काळी एकपर्यंत दीड स्वर खाली आणतो, त्यामुळे ती लिबलिबीत होते. तिथे जरा जाड गेजची तार घाल.

आणि ललित राग. पहाटेच्या पहिल्या पदाआधी बुवा हमखास ललित लावतात. दोन मध्यम, पंचम नाहीच. तुझ्या वाद्यावर मात्र दोन तारा पंचमाच्या. सोलो असतं तर त्या मध्यमाला उतरवता आल्या असत्या, पण लगेच पुढे अभंग आहे, त्याला पंचम लागणार. माझ्या पहिल्या की दुसऱ्या वर्षीची गोष्ट. देवळाच्या सभामंडपात पहाट होती, चावदिसाची, म्हणजे नरकचतुर्दशीची. लोक अंघोळ करून, कारीट फोडून, कपाळाला कुंकू लावून ओल्या केसांनी येऊन बसलेले. बुवांचा आलाप तीव्र मध्यमावरून शुद्धावर येऊन थांबला होता, मी मागोमाग तीच जागा घेत होते आणि माझा बो शेजारच्या मोकळ्या पंचमाला निसटता लागला. अर्धा सेकंद. पुढच्या रांगेतल्या एकानेही मान हलवली नाही. बुवांनीही वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त मांडीवर ठेवलेला डावा हात उचलला, तळवा माझ्याकडे केला आणि परत ठेवला. मी पुढची दहा मिनिटं वाजवलंच नाही. नंतर दहीपोहे खाताना ते एवढंच म्हणाले, "गप्प बसलात ते चांगलं केलंत." साथीबद्दल मला मिळालेला तो पहिला धडा, आणि मला तो कौतुकासारखा वाटला होता.

तर ललितचा रियाज असा कर: एकाच तारेवर. षड्जाच्या तारेवर वर-खाली, शेजारच्या तारेवर जायचंच नाही. अवघड आहे, पण बोचा कोन हाताला पाठ होतो.

नाट्यपदांची साथ वेगळी. तिथे पेटी किंवा ऑर्गन आधीच सगळं वाजवत असतो. तू पण तेच वाजवलंस तर तुझी गरज काय? ओळ संपते आणि गायक नट श्वास घेतो तिथली फट तुझी. तान सुरू झाली की बो उचल. आणि पेटीचा शुद्ध गंधार आपल्या कानातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, पेटी सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतराने लावलेली असते म्हणून. दोघं एकाच वेळी गंधारावर ठाण मांडून बसलात तर खडा लागल्यासारखं होतं. भांडू नकोस, पेटीवाला वयाने मोठा असतो. त्या गंधारावर तू आंदोलन घे, म्हणजे सूर हलकेच झुलव, किंवा तिथे थांबूच नकोस. तालमींना सुरुवातीपासून जा. शेवटच्या दोन तालमींना येणारा व्हायोलिनवाला नटांना पाहुणा वाटतो, आणि पाहुण्याकडे बघून कुणी पद उचलत नाही.

उघड्यावरच्या कार्यक्रमांचं लवकर आटपते. दव पडतं. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास वाद्य मंचाच्या हवेत केसबाहेर ठेव आणि मग जुळव. ग्रीनरूममध्ये जुळवून आणलेलं मंचावर पाच मिनिटांत उतरतं, प्रखर दिवे असतील तर अजून लवकर. ध्वनीवाल्याला नम्रपणे आणि दोनदा सांग की इको नको. एकदा सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही.

तारखा आणि पैसे. तीन पहाटा घेतल्यास म्हणतोस. कुठे कुठे ते लिहिलेलं नाहीस, पण कुडाळहून एक मालवणात, एक सावंतवाडीत असेल तर ठीक. एक रत्नागिरीत असेल तर आदल्या रात्री जाऊन मुक्काम कर, पहाटे तीनला गाडीवर निघून साडेपाचला ललितच्या मागे बसता येत नाही. मानधन आणि प्रवासखर्च दोन्ही आधी बोल, फोनवर नव्हे, लिहून. आमच्या जिल्ह्यातल्या एका मंडळाने मला सलग दोन वर्षं शाल आणि श्रीफळ दिलं. माझ्या परसात अकरा माड आहेत. तिसऱ्या वर्षी मी त्यांना म्हटलं, नारळ मी आणते, तुम्ही फक्त गाडीभाडं द्या. तेव्हा कुठे हसून पाकीट निघालं. मोठ्या मंचांची घाई नको. जानेवारीत रत्नागिरीला थिबा राजवाड्यावर संगीत महोत्सव होतो, डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व आहे. तिथे यंदा तिकीट काढून जा आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांकडे नको, साथीला बसलेल्यांकडे बघ. ते कधी वाजवत नाहीत ते मोज.

एक राहिलं. ऑक्टोबरात भातकापणी असते, घरी हात लागतो. विळा धरून चार दिवस कापणी केलीस तर उजव्या अंगठ्याला फोड येतो, आणि बो त्याच अंगठ्याने धरायचा असतो. घरच्यांना हे कारण सांगून पटत नाही, मला माहीत आहे. हातमोजा घाल, किंवा भारे वाहा.

आता आठ दिवस मोकळ्या तारा वाजव आणि नवव्या दिवशी त्याचंच रेकॉर्डिंग पाठव, तानपुऱ्यासकट, चारही तारा, फोनवर केलेलं चालेल. बागेश्री पाठवू नकोस. जाड तारेचा आवाज तोवर सुटायला लागला असेल, आणि नसेल सुटला तर बहुतेक साउंडपोस्ट सरकलाय. तसं असेल तर व्हायोलिन घेऊन एखाद्या शनिवारी सकाळच्या गाडीने रत्नागिरीला ये. तारा काढू नकोस, तशाच किंचित सैल करून आण.